चाखलेला कोपरा

बोलतोय तो मी, तेलाच्या डब्यातला डोळा. दचकू नका पावणं, बसा. दिलदारच्या या दुकानात दुरुस्तीला आलेल्या रेडिओंच्या मागं, दुसऱ्या फळीवर, पिवळ्या फडक्याखाली चौकोनी डबा दिसतोय ना, तो मीच. फडकं उचललंत तर पुढच्या अंगाला रुपयाएवढी काच दिसेल, काचेसमोर एक लोखंडी ताटली आणि वर आकडा उमटायची खिडकी. ताटलीत गुळाचा तुकडा ठेवायचा आणि खटका दाबायचा. खिडकीत एक ते चार यांतला एक लाल आकडा पेटतो. एक म्हणजे उत्तम गूळ, चार म्हणजे तळाचा. माझी सगळी भाषा एवढीच, चार आकड्यांची. त्यामुळं जे सांगायचं होतं ते पोटातच राहिलं.

माझा जन्म १९८४ सालचा. डबा इमामबीच्या स्वयंपाकघरातला, शेंगतेलाचा. पोटात तीन फोटोसेल, म्हणजे उजेड ओळखणारे नखाएवढे तुकडे. त्यांच्यापुढं तांबडा, हिरवा आणि निळा असा चकचकीत कागद, तो मोडीत निघालेल्या एका नाटक कंपनीच्या दिव्यांवरचा. आणि विचार करायला मुंबईहून आणलेली कॉम्प्युटरची हिरवी पाटी. इमामबीचा मुलगा दिलदार रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचा. कॉलेजचं तोंड त्यानं लांबूनच पाहिलं होतं, पण बिघडलेल्या वस्तूशी तो असा बोलायचा की वस्तूला आपला आजार लपवणं जमायचं नाही. त्यानं मला बनवलं ते बापासाठी.

बाप शमशुद्दीन. गूळबाजारात सयाजीरावांच्या अडतीत, म्हणजे शेतकऱ्यांचा गूळ विकून देणाऱ्या पेढीवर, चाळीस वर्षं गुळाचा पारखी. सकाळी गाड्या लागल्या की हा माणूस लोखंडी सळीनं एकेका रव्यातनं, म्हणजे गुळाच्या ढेपेतनं, तुकडा काढायचा, हातात धरायचा आणि नंबर सांगायचा. पुढं सौदा त्या नंबरावर. गुजरातचे खरेदीदार स्वतःच्या गुमास्त्याला दोनदा विचारायचे, शमशूभाईंना एकदाच. एकदा म्हणे एका व्यापाऱ्यानं गंमत म्हणून एकाच रव्याचे दोन तुकडे दोन टोपल्यांतून पुढं केले. शमशूभाईंनी दोन्हींना एकच नंबर दिला, दोनचा, आणि वर विचारलं, "पावणं, एकाच आईची दोन पोरं निरनिराळी कशापायी आणली?" बाजार आठवडाभर हसत होता.

तर अशा माणसाच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला. डॉक्टरांनी सांगितलं, राहिलेली नजर औषधानं टिकली तर टिकेल, गेलेली येणार नाही. ही गोष्ट घराबाहेर गेली नाही. आंधळ्या पारख्याला बाजारात कोण उभं करणार? आणि घरातही ती पुरती गेली नाही. नजर अधू झाली आहे इतकंच दिलदारला ठाऊक होतं. किती अधू, हे बापानं त्याला कधी सांगितलं नाही.

दिलदारनं मनाशी ठरवलं, अब्बाची नजर संपायच्या आत ती डब्यात भरून घ्यायची.

माझी शाळा एक हंगामभर चालली, दिवाळीपासून होळीपर्यंत. शमशुद्दीन अडतीतून येताना पिशवीभर तुकडे आणायचे. प्रत्येक तुकडा कागदात, कागदावर अडतीतल्या कारकुनानं लिहिलेलं गाव आणि गूळ करणाऱ्याचं नाव. घरी आले की हातपाय धुवून पाटावर बसायचे, पुडी सोडायचे आणि नंबर सांगायचे. त्यांच्याकडं पाठ करून दिलदार मेजावर तारा जोडत असायचा. नंबर ऐकला की तो चिठ्ठीवर लिहायचा, तुकडा माझ्या ताटलीत ठेवायचा आणि माझ्या तीन तुकड्यांनी काय मोजलं ते वहीत उतरवायचा. असे सहाशे तुकडे मी पाहिले.

आता एक गोष्ट सांगतो. माझ्यासमोर आलेल्या प्रत्येक तुकड्याचा एक कोपरा तुटलेला असे आणि तिथं ओल असे. पहिल्यांदा वाटलं, गूळ असाच असतो. पुढं उमगलं. दिलदारची पाठ वळली की शमशुद्दीन तुकडा अंगठ्यानं चोळायचे, कानाशी नेऊन मोडायचे, कोपरा जिभेवर ठेवून डोळे मिटायचे. मग नंबर. रंगाकडं ते बघतच नव्हते, कारण रंग त्यांना दिसतच नव्हता. दोन वर्षं हा माणूस अंगठ्यावर, कानावर आणि जिभेवर बाजार चालवत होता आणि एकदाही चुकला नव्हता.

ही गोष्ट मला ठाऊक होती. पण सांगायला माझ्याजवळ काय? एक, दोन, तीन, चार.

होळीनंतर दिलदार वही घेऊन बसला. कुठल्या रंगाला कुठला नंबर, त्याच्या हद्दी आखायच्या होत्या. बहुतेक तुकडे शहाण्यासारखे आपापल्या हद्दीत बसले. उजळ सोनेरी तो एक, काळपट तो चार. एकतीस तुकडे मात्र बसेनात. रंगानं पार काळसर आणि चिठ्ठीवर एक नंबर. सगळे एकाच घरचे, कोडोलीच्या धोंडुबाईचे.

या धोंडुबाईचं गुऱ्हाळ नवरा गेल्यापासून तीच चालवायची. तिच्या रानाच्या मातीचाच गुण असा की गूळ काळसर उतरायचा. रस निवळायला ती भेंडीच्या चिकाशिवाय दुसरं काही घालायची नाही. पण त्या गुळाची कणी अशी की दोन पावसाळे वखारीत राहिला तरी पाझरायचा नाही. शमशुद्दीन तिला दर साली एक नंबर द्यायचे. बाजार कुरकुरायचा आणि पुढच्या वर्षी तोच गूळ मागायचा.

दिलदारला हे कुठलं ठाऊक? त्यानं त्या एकतीस चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या. त्याला वाटलं, इथं अब्बाची नजर चुकली. बापाला विचारावं, तर त्याच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवल्यासारखं. मग त्यानं काय केलं, एकतीसही चिठ्ठ्या चहाच्या रिकाम्या डबीत घातल्या, झाकण लावलं आणि त्या ओळींवर वहीत काट मारली. बाप शेजारच्या खोलीत जागाच होता. एक हाक मारली असती तर काम झालं असतं.

बापानं लेकापासून आंधळेपण लपवलं आणि लेकानं बापापासून त्याची चूक लपवली. दोघांनी मायेपोटीच लपवलं. मधल्यामध्ये मी शिकलो तो अर्धवट.

पुढच्या नवरात्रात मी सयाजीरावांच्या अडतीत गेलो. सयाजीराव मोठे धूर्त गृहस्थ, पण गोड बोलणारे. त्यांनी मला चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "दिलदार, घरात पाळलेला कोंबडा बाजारात आरवंलच असं न्हाय. दिवाळीपाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यापतोर हितं बसू दे. टिकला तर मुहूर्ताचा नंबर ह्यानं सांगायचा, आन शमशूभाईंनी त्यावर मान हलवायची. बाजार बघंल. मग बाकीच्या अडतीतनं तुला इचारणं येईल." दिलदारच्या अंगात त्या दिवसापासून वारं भरलं.

त्या तीन-चार आठवड्यांत माझी जी फजिती झाली ती ऐका. पहिल्याच दिवशी वीज कमी-जास्त व्हायला लागली आणि माझा दिवा मिणमिणला. मी सरसकट सगळ्यांना तीन-चार द्यायला लागलो. दिलदारनं व्होल्टेज सांभाळणारा डबा माझ्या शेजारी बसवला. मग माश्या. गूळबाजारात माणसापेक्षा माशीचा मान मोठा. एक माशी माझ्या काचेवर येऊन बसली ती अर्धा दिवस हलली नाही, आणि मी आलेला सगळा गूळ तळाचा ठरवला. हमालांचा मुकादम पिराजी म्हणाला, "ह्याला मोतीबिंदू झालाय." तो हसत होता. शमशुद्दीनही हसले, पण उशिरा. दिलदारनं काचेपुढं जाळीचं झाकण केलं.

खंडेनवमीची गंमत तर विचारू नका. त्या दिवशी आपल्याकडं काटा, सळी, हातगाडी सगळ्यांची पूजा. पिराजीनं मलाही हार घातला आणि कुंकू लावायचं कुठं, तर देवाला कपाळावर लावतात म्हणून समोर जी गोल जागा दिसली तिथं, थेट काचेवर. दुसऱ्या दिवशी सगळं जग मला तांबडं दिसत होतं. दिलदारनं काच पुसली आणि माझ्या माथ्यावर पांढऱ्या रंगानं एक ठिपका काढून दिला, की कुंकू इथं लावा, डोळ्याला नको. तो ठिपका अजून आहे.

अशी एकेक चूक सापडत गेली, एकेक बुजत गेली. शेवटचे चार दिवस मी आणि शमशुद्दीन यांचे नंबर शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा जुळले. दिलदारला वाटलं, आता चुकायचं काही उरलं नाही. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू? दिसणाऱ्या चुका सगळ्या संपल्या होत्या.

पाडव्याची सकाळ. अडतीच्या दारात आंब्याची तोरणं, फेटे बांधलेले खरेदीदार, गाड्यांची रांग. दिलदार नवा शर्ट घालून माझ्या उजव्या हाताला उभा. शमशुद्दीन डाव्या हाताला, पांढरी टोपी, हात पाठीमागं. दिलदारचा आवाज कुठून येतो ते ऐकून ते त्याच्याकडं मान वळवत होते.

पहिली गाडी आकारामची. हा माणूस त्याच साली बाजारात नवा. त्याचा गूळ बघून लोक पुढं सरकले. लिंबासारखा पिवळाधमक. ताटलीत तुकडा पडला आणि मी एक नंबर दिला, बिनधास्त दिला. माझ्या शाळेत जे शिकवलं होतं त्याप्रमाणं त्याच्याइतका एक नंबर दुसरा कुठला नव्हता. हायड्रोस नावाची पांढरी पूड रसात घातली की काळाकुट्ट गूळही थोड्या दिवसांसाठी राजबिंडा होतो, ही गोष्ट माझ्या सहाशे तुकड्यांत कुठं आली नव्हती. शमशुद्दीन ज्या घरांचा गूळ आणायचे त्या घरी ती पूड जातच नव्हती.

दुसरी गाडी धोंडुबाईची. तिनं स्वतः रवा उतरवायला हात लावला. ताटलीत काळसर तुकडा आला. मी चार नंबर पेटवला.

बाजारात कुजबुज झाली. धोंडुबाईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं शमशुद्दीनकडं बघितलं.

सयाजीरावांनी दोन्ही तुकडे उचलले आणि रीतीप्रमाणं शमशुद्दीनच्या तळहातावर ठेवले. "भाई, नंबर मंजूर?"

शमशुद्दीननी पहिला तुकडा अंगठ्यानं चोळला. तो मऊ पिठासारखा दबला. दुसरा चोळला. त्याची कणी कुरकुरली, मला तेवढ्या गलक्यात ऐकू आली. त्यांनी दोन्हींचा कोपरा जिभेवर ठेवला. मी समोरच होतो. त्यांना सगळं समजलं होतं.

तेवढ्यात दिलदार हलक्या आवाजात म्हणाला, "अब्बा?"

बस, एवढंच म्हणाला. पण त्या दोन अक्षरांत त्याची दोन वर्षं होती, डोळे लाल करून जोडलेल्या तारा होत्या, उद्यापासून येणारी बाकीच्या अडतींची बोलावणी होती. शमशुद्दीननी तुकडे ताटलीत परत ठेवले.

"डोळ्यानं सांगितलं त्ये बरोबर हाय," ते म्हणाले.

सौदे सुरू झाले. आकारामचा गूळ चढत गेला. धोंडुबाईची गाडी कोपऱ्याला गेली. जाताना ती शमशुद्दीनच्या पुढ्यात थांबली. तिचा आवाज चढला नाही.

"भाई, डबड्याला काय कळतंय, त्ये डबडंच. तुमी त्वांडात घालून गप बसला."

शमशुद्दीननी मान खाली घातली. तिनं गाडी वळवली आणि न विकता कोडोलीला परत नेली. पुन्हा ती त्या अडतीत आली नाही.

मुहूर्तानंतर दिलदारला तीन अडतींतून विचारणं आलं. तो तेलाचे डबे गोळा करायला लागला. शमशुद्दीन रोज अडतीत येत, माझ्याजवळ बसत, पण तुकडा हातात घेत नसत. कुणी पुढं केला तर म्हणत, "डोळ्याला इचारा."

होळीच्या आधी गुजरातेतून माणूस आला. त्याच्या पिशवीत आकारामच्या गुळाचा तुकडा होता. पिवळा रंग उडून तो मातकट झालेला, बोट लावलं की चिकटत होता. अख्खी वखार पाझरली होती. त्यानं आवाज केला नाही, तुकडा फक्त सयाजीरावांच्या गादीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी बाजारभर झालं की शमशूभाईंनी मान हलवलेला गूळ पाझरला.

सयाजीरावांनी बापलेकाला आत बोलावलं. दार लोटलं. मी तिथंच होतो, मला कोण बाहेर काढणार?

सयाजीराव म्हणाले, "डबा चुकला त्याचं मला काय न्हाय. त्यो नवा हाय. पर तुमी कसं चुकलासा, भाई?"

मग शमशुद्दीननी सांगितलं की त्यांना सयाजीरावांचा फेटासुद्धा दिसत नाही. तीन वर्षं झाली.

"मग ही तीन वर्सं नंबर बरोबर कसा येत हुता?"

"चाखून."

"आन मुहूर्ताला चाखून कळलं न्हाई व्हय?"

"कळलं की. दोन्ही चाखलं. धोंडुबाईचा एक नंबर हुता, दुसरं भुस्काट हुतं." शमशुद्दीननी दिलदारच्या बाजूला मान वळवली. "पर पोरगं समोर उभं हुतं."

सयाजीरावांनी स्वतः उठून शमशुद्दीनच्या खांद्यावर शाल घातली आणि रिक्षा मागवली. माणूस चांगला, म्हणून तर जास्त लागलं. चाळीस वर्षांची चाकरी त्या शालीत गुंडाळून घरी गेली.

मी दिलदारच्या मांडीवर होतो. वाटेत तो एवढंच म्हणाला, "अब्बा, तुमी मला सांगायचं हुतं." बाप म्हणाला, "तू इचारायचं हुतंस." दोघंही खरंच बोलले.

त्या दिवशी दिलदारनं चहाची डबी उघडली. एकतीस चिठ्ठ्या होत्या तशाच होत्या. त्यानं एकेक वाचली. मग माझी तार काढली.

शमशुद्दीन त्यानंतर दोन वर्षं होते. दुकानाच्या पायरीवर बसायचे. दिलदार कितीदा म्हणाला, अब्बा, मला शिकवा चाखायला. ते म्हणायचे, आणा गूळ, उद्या बसू. पण गूळ समोर आला की त्यांचा हात पुढं व्हायचा नाही. अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात ते गेले. बाजार दहा मिनिटं बंद ठेवला होता, असं पिराजी येऊन सांगून गेला.

आता गेल्या पाडव्याची गोष्ट सांगतो आणि गप्प बसतो. दुपारी दुकानात धोंडुबाई आली. केस पिकलेले, पदरात गूळ बांधलेला. दिलदार उठून उभा राहिला. ती म्हणाली, "भाई गेल्याचं लई उशिरा कळलं. ह्यो त्येंच्या वाटचा." तिनं रेडिओंच्या मागं मला ओळखलं. "त्येच डबडं न्हवं? लाव की."

दिलदार नको नको म्हणत होता, तरी त्यानं फडकं काढलं, तार जोडली, तिचा तुकडा ताटलीत ठेवला. चार वर्षांनी मला उजेड दिसला. समोर काळसर, घट्ट, प्रामाणिक गूळ. तो एक नंबरचा आहे हे मला ठाऊक होतं. पण शिकवलेली हद्द माझ्या पाटीवर कोरलेली. खिडकीत चार पेटला.

धोंडुबाई रागावली नाही. तिनं तुकड्याचा कोपरा मोडला आणि दिलदारच्या हातावर ठेवला. "त्याला ऱ्हाऊ दे. तू बापाचं पोरगं न्हवं? तू सांग. नंबर किती?"

दिलदारनं अंगठ्यानं चोळला, कानाशी नेला, जिभेवर ठेवला. बापासारखे डोळे मिटले. मी त्याच्याकडं बघत होतो. जीव असता तर तोही टांगणीला लागला असता.

मग दिलदार म्हणाला, "गोड हाय, मावशी."

"गोड तर समदाच असतोय, बाळा," ती म्हणाली आणि पदर झटकून पायऱ्या उतरली.

पावणं, तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस हातानं, कानानं, जिभेनं काही पारखत असेल, तर त्याच्याकडं पाठ करून नंबर लिहू नका. तोंड वळवा, आणि तो काय करतोय ते बघा. आम्हा डब्यांची जात आता वाढणार आहे. आम्हाला जे दाखवाल तेवढंच दिसतं आणि ज्यावर काट माराल ते कधीच दिसत नाही.

उठताय? बरं. जाता जाता तेवढं फडकं नीट ओढा. ताटलीत तिचा तुकडा अजून पडलाय. दिलदारनं तो उचलला नाही आणि माझी तारही काढली नाही. एक कोपरा मोडलेला आहे. वर्ष होत आलं, एक पावसाळा गेला. अजून पाझरलेला नाही. आणि फडक्याखाली माझ्या खिडकीत अजून चारच पेटलाय.